गाडीवाल्याला जिथे काम नाही, ते रस्ते

प्रश्न असा होता: डोंगरी पठाराच्या भागात आठ दिवस सायकलवर फिरायचं आहे. मागच्या खेपेला ॲपने आखून दिलेल्या रस्त्यावर दिवसभर ट्रक अंगाला घासून गेले. कमी रहदारीचे डांबरी रस्ते शोधायचे कसे, रोज किती अंतर धरायचं, गिअर आणि पाण्याचं काय, शांत रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता असं समजावं का, आणि आरसा लावावा का?

तुमच्या ॲपने चूक केली नाही. त्याला तुम्ही दोन गावं दिलीत, त्याने त्यांच्यामधला जवळचा आणि बेताच्या चढाचा रस्ता काढून दिला. गोची एवढीच की ट्रकवाल्यालाही तोच रस्ता हवा असतो. थेट अंतर, मोठी वळणं आणि सौम्य चढ हे तिन्ही जिथे एकत्र येतात, तिथे इंजिनवाले आपल्या आधी पोचलेले असतात. म्हणून पठारावर रस्ता शोधताना मी प्रश्न उलटा टाकतो: हा रस्ता गाडीवाल्याला कशासाठी लागेल? बराच विचार करूनही उत्तर सुचलं नाही, की तो रस्ता माझ्या यादीत जातो.

आता पठार म्हणजे काय ते नीट डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पठार म्हटलं की एकदा वर चढलो की परातीसारखं सपाट, अशी कल्पना असते. पहिल्याच दिवशी दुपारी ती मोडते. पठाराला कडा असतात, आणि कड्यांवरून वर येणाऱ्या वाटा मोजक्या असतात. वर आल्यावरही नद्यांनी ते जागोजागी चिरलेलं असतं. फ्रान्सच्या मासिफ सेंत्राल या डोंगरी प्रदेशाच्या दक्षिणेला चुनखडीची पठारं आहेत, त्यांना तिकडे ‘कॉस’ म्हणतात. तिथे तार्न नदीची घळ ४०० ते ६०० मीटर खोल आहे. नकाशावर पलीकडचं गाव चार बोटांवर दिसतं, पण तिथे जायला अर्धा किलोमीटर सरळ खाली उतरून तेवढंच पुन्हा वर चढायचं असतं.

अशा प्रदेशात रस्त्यांच्या साधारण तीन जाती पडतात. पहिली, दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जाणारा रस्ता. त्याला नदी ओलांडावी लागत नाही, चढउतार कमी लागतात, म्हणून तो बहुधा मोठाच असतो. दुसरी, दरीच्या तळाशी नदीला बिलगून जाणारा रस्ता. दिसायला सगळ्यात देखणा, आणि म्हणूनच सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. शिवाय एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, म्हणजे रस्त्याला पसरायला जागा नाही. तिसरी जात आडव्या रस्त्यांची: दरीच्या एका काठावरून नागमोडी खाली, छोट्या पुलावरून पलीकडे, आणि पुन्हा नागमोडी वर. गाडीवाल्याला हा रस्ता नकोसा असतो. वेळ जातो, पोटात ढवळतं, समोरून कोणी आलं तर मागे घ्यावं लागतं. आपल्यासाठी तो सोन्यासारखा, फक्त त्याची किंमत मांड्यांनी मोजावी लागते.

ही किंमत कमी करायची एक युक्ती आहे आणि ती मला फार उशिरा कळली. नदी उगमाच्या जितकी जवळ ओलांडाल तितकी दरी उथळ. खाली ५०० मीटर खोल असलेली घळ वरच्या अंगाला नुसती घडी असते, ४०–५० मीटरांची. म्हणून नकाशावर नद्यांच्या निळ्या रेषा जिथे बारीक होत संपतात, तिथे बोट ठेवा आणि त्या टोकांना जोडणारे छोटे रस्ते शोधा. अंतर पाचदहा किलोमीटरने वाढेल, पण चढाई निम्म्यावर येते. आणि त्या भागात मोठं गाव सहसा नसतंच, त्यामुळे रहदारीही नसते.

दुसरी खूण प्रशासकीय हद्दींची. माणसांची रोजची ये-जा आपापल्या मुख्य गावाकडे होते: कचेरी, बाजार, दवाखाना, शाळा. दोन विभागांच्या सीमेवरून पलीकडे जाणारा रस्ता त्यामुळे ओस असतो. सीमेच्या आसपास डांबराची जात बदलते, कधी मधला एखादा किलोमीटर कुणीच दुरुस्त केलेला नसतो. त्या खड्ड्यांची तक्रार करू नका, तेच तिथले पहारेकरी आहेत.

तिसरी खूण म्हणजे नव्या महामार्गाशेजारचा जुना रस्ता. याचं नावाजलेलं उदाहरण त्याच कॉस पठारांच्या पायथ्याशी आहे. मियो गावात पूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत उत्तर-दक्षिण वाहतूक तासन्‌तास तुंबायची, कारण पठारावरून उतरून तार्न ओलांडून पुन्हा पठारावर चढायला तीच वाट होती. डिसेंबर २००४ मध्ये २,४६० मीटर लांबीचा उड्डाणपूल खुला झाला आणि लांब पल्ल्याची वाहनं नदीपासून सुमारे २७० मीटर उंचीवरून, एका पठारावरून थेट दुसऱ्यावर जाऊ लागली. त्या पुलावर सायकलला परवानगी नाही, कारण तो महामार्गाचाच भाग आहे. पण त्यामुळेच खालचा जुना रस्ता मोकळा झाला. एक सावधगिरी मात्र घ्यायची. नव्या रस्त्याला टोल असेल तर तो चुकवायला जड वाहनं जुन्याच रस्त्याने जात राहतात. तेव्हा ‘जुना’ म्हणजे ‘शांत’ हे धरून चालायचं नाही, मोजून बघायचं.

मोजायचं कसं? रस्त्याकडेला दहा मिनिटं उभे राहा, दोन्ही बाजूंची वाहनं मोजा, सहाने गुणा. सात वाहनं गेली तर तासाला ४२. दिवसाला साधारण ५०० वाहनांचा रस्ता भर दिवसा असाच दिसतो. आता खरी गंमत पुढच्या हिशेबात आहे. समजा तासाला ४० वाहनं आहेत, म्हणजे आपल्या दिशेने २०. गाड्या ताशी ५० किलोमीटरने जातात आणि तुम्ही सपाटीवर १५ ने. मागून येऊन तुम्हाला ओलांडणारी वाहनं तासाला १४ होतात, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम एक. तोच रस्ता चढाला लागला आणि तुमचा वेग ७ वर आला, की तासाला १७ वाहनं ओलांडतात. हा आकडा फार वाढलेला वाटत नाही, पण तेवढ्या वेळात तुम्ही सातच किलोमीटर गेलेले असता. म्हणजे किलोमीटरमागे जवळपास अडीच. उलट उतारावर तुम्ही ४० ने जात असाल तर तासाभरात चारच वाहनं मागून येतात.

यातून जो नियम निघतो तो मी कधी मोडत नाही: शांतता आधी चढासाठी राखून ठेवायची. कड्यावर जाणाऱ्या दोनच वाटा असतील, एक मोठी आणि एक बारीक, तर चढायला बारीक वाट घ्यायची. मोठीच घ्यावी लागली तर ती उतरताना घ्यायची. चढावर सायकल थोडी डगमगते, श्वास फुललेला असतो, मागे वळून बघणंही जड जातं. त्या अवस्थेत पाठीमागे ट्रक नको. दिवसाला ५,००० वाहनांच्या रस्त्यावर तुम्हाला सपाटीवरच तासाला १४० वाहनं ओलांडतात, म्हणजे दर पंचवीसेक सेकंदांना एक. मागच्या खेपेला तुमचं जे झालं ते बहुधा हेच.

घरी बसून पारखायचं असेल तर आधी रस्त्याचा दर्जा बघा. छापील नकाशांमध्ये मिशेलॅं या फ्रेंच टायर कंपनीचे नकाशे मला अजूनही आवडतात. लाल म्हणजे मोठा, पिवळा मधला, पांढरा सगळ्यात लहान, आणि चढ दाखवायला रस्त्यावर बाण काढलेले असतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. पांढऱ्या रस्त्यावर दोन बाण दिसले की समजायचं, इथे गाडीवाला हौसेने येणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या ऑनलाइन नकाशावर, रस्त्यांच्या प्रतीसोबत पृष्ठभागाची नोंदही असते: डांबरी आहे, खडीचा आहे की मातीचा. ती नोंद जिथे कोणी भरलेलीच नाही, तिथे ॲप स्वतःच अंदाज बांधतं आणि तुम्ही चिखलात जाता. तेव्हा शंका असलेला प्रत्येक तुकडा उपग्रहाच्या चित्रात झूम करून बघा. डांबर करडं आणि कडा स्पष्ट असलेलं दिसतं, कच्चा रस्ता मातीच्या रंगाचा आणि विसविशीत कडांचा. रस्त्यावरचे फोटो उपलब्ध असतील तर तीन गोष्टी पाहा: मधोमध पट्टा आखलेला आहे का, कडेचं डांबर चाकांनी तुटलंय का, आणि मधल्या भागात गवत उगवलंय का. मधे गवत असलेला डांबरी रस्ता मिळाला तर तुमचा दिवस सार्थकी लागला म्हणून समजा.

सायकलस्वारांच्या नोंदींवरून तयार होणारे उष्णता-नकाशे, म्हणजे स्ट्राव्हा या ॲपवर ज्या रेषा तापून चमकतात ते, उपयोगी आहेत पण जपून वापरायचे. तिथे चमकते ती वेगाने जाणाऱ्या, सकाळी शहरातून निघून दुपारी घरी परतणाऱ्या लोकांची वाट. मोठ्या गावापासून ४० किलोमीटरवर ती चमक विझते. याचा अर्थ पुढचे रस्ते वाईट असा नाही. तिथे कोणी सायकल घेऊन पोचलंच नाही, एवढाच. पठाराच्या आतल्या भागात मी ही रेष जिथे अंधुक पण अखंड दिसते ते रस्ते निवडतो. अंधुक म्हणजे गर्दी नाही, अखंड म्हणजे रस्ता मधेच संपत नाही.

आणि चढाईचा आलेख डोळे मिटून मानू नका. ॲप उंची मोजतं ती जमिनीची, रस्त्याची नव्हे. पूल आला की ते तुम्हाला दरीत उतरवून पुन्हा वर काढतं, बोगदा आला की डोंगरमाथ्यावरून नेतं. अरुंद घळीच्या काठाने जाणारा रस्ता असेल तर पाचदहा मीटरांच्या चुकीने तो कधी कड्यावर, कधी तळाशी समजला जातो, आणि दिवसाची चढाई फुगते. आलेखात सुईसारखी टोकं दिसली, की तो डोंगर नसून हिशेबातली चूक असते.

हे सगळं करूनही फसायला होतं. एकदा मी नकाशावर केसासारखी बारीक रेष हेरली. गाव नाही, वळणं भरपूर, दोन्ही टोकांना मोठा रस्ता नाही, माझ्या सगळ्या कसोट्यांना उतरलेली. पहाटे चढायला लागलो तर दर तीनचार मिनिटांनी भरलेला डंपर खाली येतोय आणि रिकामा वर जातोय. वर दगडाची खाण होती. उपग्रहाच्या चित्रात पांढराशुभ्र डाग स्पष्ट दिसत होता, पण मी त्याला उघडा खडक समजलो होतो. त्या दिवसापासून रस्त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे ते आधी बघतो: खाण, खडी फोडायचं यंत्र, लाकूडतोडीचा तळ, धरणाचं किंवा पवनचक्क्यांचं चालू काम. रस्ता लहान असला म्हणून गाडीवाल्याला त्याची गरज नाही असं नाही, एकच मोठी गरज पुरते. अशा रस्त्याला कामाच्या सुटीच्या दिवशी जा, तोच रस्ता देवळासारखा शांत मिळतो. पर्यटकांच्या दरीतल्या रस्त्याचं बरोबर उलट: तिथे सुटीला जायचं नाही, मधल्या वारी सकाळी आठच्या आत पार व्हायचं. म्हणजे आठवड्याची आखणी करताना कोणता रस्ता कोणत्या वारी हेही ठरवावं लागतं. सुगीच्या दिवसांत शेतमालाच्या गाड्यांनी एरवीचे ओस रस्तेही हलतात. त्या दिवसांत दुपारचे दोन ते चार मला जास्त निवांत वाटलेत.

आता रोज किती? किलोमीटर मोजणं सोडा, मीटर मोजा. तुमचं, सायकलचं आणि सामानाचं मिळून वजन ८५ किलो आहे आणि तुम्ही दिवसभर टिकेल अशी साधारण १२० वॉट ताकद लावता असं धरू. टायरचं घर्षण आणि हवा यांत थोडी जाऊन उरलेल्या ताकदीत तुम्ही तासाला ४०० ते ४५० मीटर उंची चढता. म्हणजे १०० मीटर चढायला सुमारे १४ मिनिटं. ६० किलोमीटर आणि १,२०० मीटर चढाईचा दिवस घ्या. सरासरी ६ टक्के चढ असेल तर त्यातले २० किलोमीटर चढात जातात आणि त्यांना पावणेतीन तास लागतात. उरलेल्या ४० किलोमीटरला दोन तास. चाक फिरत असल्याचा वेळ पावणेपाच तास, आणि थांबे धरून सहा-साडेसहा. बऱ्यापैकी सराव असलेल्या माणसाला आठ दिवसांच्या सहलीत मी हाच दिवस सुचवेन. पहिल्या दोन दिवशी ८०० मीटरांच्या आत राहा. तिसऱ्या दिवशी पाय स्वतःच सांगतात.

चढाई वाचवायची तर मुक्कामाची जागा महत्त्वाची. रोज रात्री दरीत उतरलात तर रोज सकाळी थंड पायांनी कडा चढावा लागतो. कडा एकदाच चढा आणि जमेल तितके दिवस वरच राहा, काठाकाठाने फिरा, मग शेवटी एकदाच उतरा. वर मुक्कामाच्या सोयी कमी असतात हे खरं, पण त्यासाठी सहल बेतायला हरकत नाही.

गिअरबद्दल लोक उगाच लाजतात. ही लाज जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सँत-एतिएनचा पॉल द विव्ही, म्हणजेच ‘व्हेलोसिओ’, सायकलला अनेक गिअर हवेत असं सांगत मासिफ सेंत्रालच्या चढांवर ते वापरून दाखवत होता, आणि शर्यतवाले त्याची टर उडवत होते. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तुम्ही एवढं थांबायची गरज नाही. हिशेब साधा आहे. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३४, म्हणजे पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. वर धरलेल्या ताकदीत ६ टक्क्यांचा चढ साधारण याच वेगाने चढता येतो, म्हणजे तिथवर ठीक. पण आडवे रस्ते ६ टक्क्यांवर थांबत नाहीत. १० टक्क्यांवर तुमचा वेग पाचच्या आत येतो आणि त्याच गिअरमध्ये फेऱ्या मिनिटाला ३९ होतात. हे पेडल मारणं नाही, पायऱ्या चढणं आहे, आणि गुडघे त्याचा हिशेब चौथ्या दिवशी मागतात. पुढे २६ आणि मागे ३६ असेल तर त्याच चढावर फेऱ्या ५४ मिळतात. सामान घेऊन पठारावर जायचं तर एकास एकपेक्षा हलका गिअर हवाच. दुकानदार काहीही म्हणो. टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे घ्या. बारीक टायरवर खराब डांबर हाडांपर्यंत पोचतं.

पाण्याचा अंदाज खडकावरून बांधायचा. चुनखडीच्या पठारावर पाऊस पडला तरी पाणी वर थांबत नाही. भेगांतून आत मुरतं आणि थेट दरीच्या तळाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वर हिरवं गवत दिसत असतं आणि पंचवीस किलोमीटरांत एक ओहोळ लागत नाही. अशा ठिकाणी सगळ्या बाटल्या खालीच, चढायच्या आधी भरायच्या, वजनाची कुरकुर न करता. ग्रॅनाइट किंवा बेसॉल्टवर पाणी पृष्ठभागाजवळ राहतं, ओढे-डबकी भेटतात, पण वर गुरं चरत असतात, म्हणून गाळून आणि शुद्ध करूनच प्यायचं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. उन्हात चढ असेल तर अधिक.

उंचीचा परिणाम कमी लेखू नका, फार बाऊही करू नका. २,००० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्के असतो, आणि ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी मिळतो. चढाचा वेग थोडा उतरतो, एवढंच. ३,५०० मीटरांवर दाब ६५ टक्क्यांपर्यंत येतो. तिथे मात्र पहिले दोनतीन दिवस अंतर निम्मं करायचं, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. तापमान दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. घामाने भिजलेलं अंग घेऊन वारा सुटलेल्या काठावर पोचलात की हा आकडा अंगावर येतो. जर्किन पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

पठारावर वारा हाच दुसरा चढ. आडोसा नाही, वळणाआड लपायला डोंगर नाही. सहसा पहाटे वारा पडलेला असतो आणि ऊन तापलं की वाढतो, म्हणून उघड्या माळावरचा लांब पट्टा सकाळी संपवा आणि दुपार दरीतल्या झाडीसाठी ठेवा. वादळी ढगांचंही तेच, ते बहुतेक दुपारनंतर जमतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर चालवणं थांबवायचं आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. काहीच जवळ नसेल तर काठावरून, उंचवट्यावरून खाली सरका, एकट्या झाडाखाली उभं राहू नका. सायकलचे रबरी टायर विजेपासून वाचवतात, हा गैरसमज मी फार लोकांच्या तोंडून ऐकलाय; त्यांनी काडीचंही संरक्षण मिळत नाही.

शांत रस्ता म्हणजे सुरक्षित का? बऱ्याच अंशी हो, पण धोका जातो त्यापेक्षा रूप बदलतो. गर्दीच्या रस्त्यावर चालकाला कोणीतरी असेल हे माहीत असतं. ओस रस्त्यावर तो वर्षभर त्याच वळणावरून मधोमध आणि वेगात जात आलेला असतो, समोरून आजवर कोणी आलेलं नसतं. तुम्हीही दोन तास कोणी न दिसल्याने नकळत मधे सरकता. म्हणून आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडायची नाही, उतारावर वळण आतून कापायचं नाही. जिथवर दिसतंय त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग, कारण एकपदरी रस्त्यावर समोरच्यालाही थांबायला तेवढंच अंतर लागतं. सावलीतल्या वळणावर शेवाळ, पावसानंतर वाहून आलेली खडी, शेण, मधेच उभी गुरं, हे सगळं रहदारी नसलेल्या रस्त्यावर जास्त असतं, कारण ते बाजूला सारायला चाकंच नसतात.

ब्रेकचं एक गणित सांगतो, म्हणजे उतारावर थांबायचा कंटाळा येणार नाही. ८५ किलो घेऊन ५०० मीटर खाली उतरताना जी ऊर्जा सुटते तेवढ्यात सव्वा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येतं. सावकाश उतरलात तर त्यातली बरीचशी ब्रेकमध्ये जाते. रिमचे ब्रेक असतील तर ती उष्णता ट्यूबपाशी पोचते. ब्रेक सतत धरून ठेवू नका. जोरात दाबा, वेग खाली आणा, सोडा, हवेला काम करू द्या. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा. लांब उतारावर मधे एकदा थांबून रिमजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. निघण्याआधी ब्रेक पॅड निम्मे झिजलेले असतील तर नवे बसवा, कारण ओले आणि धुळीचे उतार ते फार लवकर खातात.

दुरुस्तीचं सामान जास्त लागतं, त्याचं कारणही रहदारीच. महामार्गावर बिघाड झाला तर दहा मिनिटांत कोणीतरी थांबतं. इथे दोन तासांत कोणी येणार नाही, आणि घळीत फोनला सिग्नल नसतो. दोन ट्यूब, ठिगळं, टायर फाटलं तर आतून लावायचा जाड तुकडा, साखळीची जोडकडी आणि साखळी तोडायचं हत्यार, तुमच्या फ्रेमला बसेल असा डिरेलरचा सुटा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा. हा शेवटचा जीव बोटाएवढा असतो आणि सायकल नुसती आडवी पडली तरी वाकतो. दोन सायकलींचे हँगर एकमेकांना बसतील याची खात्री नसते. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि दर दिवसाच्या आखणीत एक सुटकेची वाट खुणावून ठेवा: कुठून कमीत कमी चढात मोठ्या रस्त्याला लागता येईल. रोज दिवसभर टाळलेला मोठा रस्ता त्या वेळी आपला असतो.

राहिला आरसा. लावा. ओस रस्त्यावर कान पुरतात असं मलाही वाटायचं, आणि दरीत ते खरंही आहे, गाडी दोन वळणं आधी ऐकू येते. पण पठारावर समोरून वारा असला की कानात नुसता घोंघाट भरतो आणि मागून येणारं इंजिन शेजारी येईपर्यंत कळत नाही. विजेवरच्या गाड्या तर चढावरही कुजबुजत येतात. हँडलच्या टोकाला बसणारा छोटा गोल आरसा पुरतो. रस्त्याकडे वळलेल्या बाजूला लावा, आणि निघण्याआधी सायकलवर बसून त्याचा कोन ठरवा, उभं राहून ठरवलेला कोन बसल्यावर आकाश दाखवतो.